कोकणात राहून युद्धनौकांची मॉडेल्स: पहिल्या किटपासून काचेच्या पेटीपर्यंत

२०२३ च्या ४ डिसेंबरला नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी साजरा झाला आणि तारकर्लीच्या वाळूत उभं राहून लोकांनी खऱ्या युद्धनौका पाहिल्या. तेव्हापासून मला ‘असली बोट घरी बनवायची तर काय काय लागतं?’ असं विचारणारे वाढलेत. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

हा लेख प्लास्टिकच्या किटबद्दल आहे. खोक्यात साच्यातून काढलेले सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. हात कसा चालवायचा हे परदेशी व्हिडिओ बघूनही शिकता येईल. पण ते लोक कोरड्या हवेत बसून शिकवतात. आपल्याकडे जूनमध्ये भिंतींना ओल येते, ब्लेड गंजतं, रंग वाळत नाही आणि मे महिन्यात पंखा लावला की तोफा उडून जातात. त्यामुळे इथे बरंचसं लिखाण हवेबद्दल असेल.

१. आधी स्केल ठरवा, बोट नंतर

युद्धनौकांमध्ये मुख्य स्केल दोन: १:७०० आणि १:३५०. १९७१ मध्ये जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून १:७०० ची ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली. तिच्यात बोटीचा पाण्यावरचा भागच येतो आणि तळ सपाट असतो. म्हणजे बोट टेबलावर ठेवली की समुद्रावर तरंगल्यासारखी दिसते. १:३५० मध्ये बहुतेक वेळा पाण्याखालचा भागही मिळतो. ब्रिटिश कंपनी एअरफिक्सची जुनी किट १:६०० मध्ये आहेत. एकाच कपाटात दोन स्केल शेजारी ठेवली तर ती डोळ्याला खुपतात, म्हणून एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

खऱ्या लांबीला स्केलच्या आकड्याने भागलं की मॉडेलची लांबी मिळते. जपानची दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका ‘यामातो’ २६३ मीटरची. १:७०० मध्ये ती साधारण साडेसदतीस सेंटीमीटर होते आणि १:३५० मध्ये पाऊण मीटर. आपली २०२२ मध्ये दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ २६२ मीटरची, म्हणजे जवळपास तेवढीच. पाऊण मीटरची बोट कुठे ठेवणार, हे खोकं घरी येण्याआधी घरच्यांशी बोलून घ्या. वॉशिंग मशीनवर ठेवता येत नाही.

उलटी बाजूही लक्षात असू द्या. १:७०० मध्ये पावणेदोन मीटर उंचीचा खलाशी अडीच मिलिमीटरचा होतो आणि डेकवरचं मीटरभर उंचीचं रेलिंग दीड मिलिमीटरहून कमी. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर १:३५० मधली एखादी लहान बोट घ्या.

२. पहिलं किट: विनाशिका घ्या

नवीन माणूस हमखास ‘यामातो’ किंवा जर्मनीची ‘बिस्मार्क’ मागतो. नावं मोठी, खोक्यावरचं चित्र झकास. आत मात्र विमानविरोधी तोफांचीच रांग इतकी असते की विसावी तोफ जोडताना उत्साह संपतो आणि खोकं माळ्यावर जातं.

पहिल्यांदा एखादी विनाशिका म्हणजे डिस्ट्रॉयर करा. अमेरिकेच्या ‘फ्लेचर’ वर्गाच्या १७५ बोटी दुसऱ्या महायुद्धात बांधल्या गेल्या, आणि तामियाने ती दोन्ही स्केलमध्ये काढली आहे. १:७०० मध्ये ती सोळा-साडेसोळा सेंटीमीटरची होते. सांगाड्यापासून (म्हणजे बोटीचं मुख्य अंग, हल) वॉर्निशपर्यंत सगळ्या पायऱ्या तिच्यात येतात आणि भाग मोजके असतात. पूर्ण झालेली एक लहान बोट अर्धवट पडलेल्या मोठ्या बोटीपेक्षा जास्त शिकवते, असं माझं ठाम मत आहे.

अनोळखी कंपनीचं स्वस्त किट पहिल्यांदा घेऊ नका. भाग एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि चूक आपल्या हाताची की साच्याची हे नवख्याला कळत नाही.

३. मागवताना

रत्नागिरी-कुडाळच्या खेळण्यांच्या दुकानात ही किट सहसा नसतात. मुंबई-पुण्याच्या हॉबी दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवावी लागतात. वाडीवर राहत असाल तर विक्रेत्याला ऑर्डरच्या आधीच विचारा की तुमच्या पिनकोडला त्याचं कुरिअर येतं का. नाहीतर स्पीड पोस्टने पाठवायला सांगा. जिथे कुरिअरवाला ‘तालुक्याला येऊन घेऊन जा’ म्हणतो, तिथेही पोस्टमन येतो.

परदेशातून मागवलंत तर हे जवळ ठेवा: आधार किंवा पॅनची प्रत (कुरिअर कंपनी केवायसी मागते), पैसे भरल्याची पावती, विक्रेत्याचं बिल आणि वस्तूचं वर्णन असलेल्या पानाची प्रिंट. किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगू नका. पार्सल अडकलं की तीच कागदपत्रं तुमच्या विरोधात जातात. आणि कस्टम ड्युटी धरूनच बजेट करा, किटची किंमत पाहून नको.

स्प्रे कॅन, लॅकर रंग, थिनर आणि पातळ सिमेंट हे ज्वलनशील असल्यामुळे विमानाने येत नाहीत. ते देशातल्याच दुकानातून, रस्त्याने येणाऱ्या पार्सलमध्ये मागवा. पावसाळ्यात ते रेंगाळतात, तेव्हा मेच्या आत मागवून ठेवलेलं बरं.

४. सामान: निम्मं गावातच मिळतं

- फ्लश कटर: मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे असतो तसा, एका बाजूने सपाट कापणारा.
- सर्जिकल ब्लेड ११ नंबर आणि ३ नंबरचं हँडल: मेडिकलमध्ये सांगून ठेवा. हॉबी नाइफपेक्षा स्वस्त आणि जास्त धारदार.
- टोकदार चिमटा: घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तो. भुवयांचा चिमटा नको.
- वॉटर पेपर ४००, ८०० आणि १००० नंबर: हार्डवेअरच्या दुकानात.
- प्लास्टिकचं पातळ सिमेंट, ब्रशच्या झाकणाचं. हे मात्र हॉबी दुकानातूनच. तामियाचं हिरव्या झाकणाचं सगळे वापरतात.
- फेविक्विक: धातूचे भाग चिकटवायला. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला वापरू नका. सांधा ठिसूळ होतो आणि सरकवायला वेळ मिळत नाही.
- फेविकॉल: काचेसारखे पारदर्शक भाग लावायला.
- पुट्टी (फटी बुजवायला), प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मास्किंग टेप, ० आणि ००० नंबरचे ब्रश.
- ॲक्रिलिक रंग. ब्रशने रंगवणार असाल तर व्हायेहो चांगले. तामियाचे रंग एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) उत्तम बसतात, पण ब्रशने दुसरा हात मारताना खालचा थर उखडतात.
- डिजिटल आर्द्रतामापक. छोटा येतो, महाग नसतो, आणि आपल्याकडे एअरब्रशच्याही आधी तोच घ्यावा.

कापडावर रंगवायचे क्राफ्टचे रंग घरात असतील तर ते तिथेच राहू देत. ते जाड बसतात आणि १:७०० च्या शिड्या-दरवाजे बुजवून टाकतात.

आर्द्रतेतल्या जपणुकीबद्दलही इथेच सांगतो. ब्लेड आणि चिमटे यांना शिलाई मशीनचं तेल पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा. डिकलची (बोटीवरचे नंबर, झेंडे अशा चिकटचित्रांची) शीट खोक्यातून पहिल्याच दिवशी काढून सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत बंद करा. तिला बुरशी धरते, आणि वरचा कागद झुरळं कुरतडतात. किटची खोकी जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. वाळवीला ‘बिस्मार्क’ आणि वर्तमानपत्राची रद्दी सारखीच.

५. धुणं, कापणं, जोडणं

भाग प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात. खोकं उघडलं की ते फ्रेममधून तोडण्याआधी सगळ्या फ्रेम भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. वाळवायला पंख्याखाली ठेवा. मेच्या उन्हात पत्र्यावर किंवा अंगणात कुरडयांच्या शेजारी ठेवलंत तर सांगाडा वाकडा होतो आणि मग सरळ होत नाही.

भाग फ्रेमला लागून कापू नका. आधी जरा लांबून कापा, मग उरलेला खुंट ब्लेडने काढा आणि वॉटर पेपरने घासा. लहान भाग कापताना कटरवर बोट ठेवा, नाहीतर तो उडतो. टेबलाच्या कडेला एक जुनी चादर चिकटवून तिचं दुसरं टोक मांडीवर घ्या. पडलेला भाग लादीवर घरंगळण्याऐवजी मांडीत सापडतो. पंखा बंद ठेवावा लागतो, याला इलाज नाही. मे महिन्यात पहाटे बसा.

प्रत्येक सांधा आधी सिमेंटशिवाय जुळवून बघा. मग भाग एकत्र धरून फटीला ब्रशचं टोक टेकवा. सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. ते प्लास्टिक विरघळवून जोडतं, त्यामुळे बोटांवर आलेलं सिमेंट बोटीला लागलं की तिथे बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

वॉटरलाइन किटमध्ये तळाशी वजनासाठी लोखंडी पट्टी मिळते. खाऱ्या हवेत ती आतल्या आत गंजते आणि फुगते. बंद करण्याआधी तिला दोन्ही बाजूंनी ऑइल पेंटचा हात द्या. सूचनांच्या कागदावर हे नसतं.

सूचनांच्या क्रमात आणखी एक गोम आहे. त्या क्रमाने सगळं चिकटवत गेलात तर डेक रंगवायला ब्रश आत शिरत नाही. म्हणून बोटीचे तुकडे ठेवा: सांगाडा आणि डेक एक, ब्रिजचा (जिथून बोट चालवतात तो) मनोरा दुसरा, धुराडी तिसरी, तोफा वेगळ्या. प्रत्येक तुकडा टूथपिकवर टोचून रंगवा आणि शेवटी एकत्र आणा.

६. रंगकामाचं पंचांग

इथेच कोकणातल्या बहुतेक बोटी बुडतात.

लॅकर किंवा स्प्रे कॅनचं द्रावण झटकन उडतं. उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्याच्यावर जमते आणि ओल्या रंगात अडकते. पांढुरकं सायीसारखं धुकं धरतं. मॅट वॉर्निशच्या बाबतीत हे सगळ्यात क्रूर, कारण वॉर्निश शेवटी मारतात. सगळं काम झालेलं असतं आणि बोट पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी होते. असं झालं तर घासायला धावू नका. कोरड्या दिवशी वर ग्लॉस वॉर्निशचा ओलसर थर द्या. बऱ्याचदा धुकं उतरतं. मग पुन्हा मॅट मारा.

माझा नियम असा. आर्द्रतामापक सत्तरच्या वर असेल तर फवारणी नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर रंग बंद. हे चार महिने कापणं, घासणं, पुट्टी, जोडकाम यांचे. किट दोन असतील तर दोन्हींचे सांगाडे तयार करून ठेवा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस उलगडला आणि दुपारी ऊन चटकू लागलं की प्रायमर काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. पण हिवाळ्यातसुद्धा सकाळी लवकर नको. रात्रीचं दव असतं. साडेदहा-अकरानंतर, संध्याकाळी खारा वारा सुटायच्या आत काम उरका.

पावसात ब्रशने ॲक्रिलिक रंगवायचं असेल तर जमतं, पण दोन थरांमध्ये रात्र जाऊ द्या. हाताला कोरडा लागला की मॉडेल हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. मास्किंग टेप लावायची घाई करू नका, अर्धवट वाळलेला रंग टेपबरोबर सालीसारखा निघतो.

एअरब्रश घेतलात तर कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप हवाच. नाहीतर नळीतलं पाणी ऐन डेकवर थुंकतं. फवारणी पडवीत किंवा उघड्या खिडकीपाशी, तोंडाला कापडी नाही तर कार्बन फिल्टरचा मास्क लावून करा. आणि घरात देवापाशी निरांजन चालू असताना त्या खोलीत थिनरची बाटली उघडू नका.

७. कुठला करडा?

सगळ्या युद्धनौका करड्या, असं लांबून वाटतं. जपानी नौदलात कुरे, सासेबो, मायझुरू या गोद्यांचे करडे रंग वेगवेगळे होते. तामियाच्या रंगात कुरेचा एक्सएफ-७५, सासेबोचा एक्सएफ-७७, मायझुरूचा एक्सएफ-८७. ‘यामातो’ कुरेची. जपानी विनाशिका आणि क्रूझरच्या डेकवर तपकिरी लिनोलियम असे आणि ते पितळी पट्ट्यांनी दाबलेलं असे, त्यासाठी एक्सएफ-७९. पाण्याखालच्या लाल भागासाठी एक्सएफ-९.

रंगाआधी तारीख ठरवा. ‘बिस्मार्क’च्या अंगावरचे काळे-पांढरे पट्टे सगळ्यांना आवडतात, पण मे १९४१ मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये थांबली असताना ते करड्या रंगाने झाकले गेले. म्हणजे २४ मेला ब्रिटिश ‘हूड’ बुडवणारी ‘बिस्मार्क’ करायची तर पट्टे नकोत. ‘यामातो’च्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन तोफांचे मनोरे १९४४ च्या सुरुवातीला काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. किटमध्ये दोन्ही पर्याय आले आणि तुम्ही मिसळले, तर जाणता माणूस पहिल्यांदा तेच दाखवतो.

बाटलीतला रंग १:७०० वर जरा गडद दिसतो. थेंबभर पांढरा मिसळा.

८. रेलिंग आणि दोऱ्या

पहिल्या बोटीला फोटोएच, म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेली रेलिंग, लावू नका. दुसऱ्या बोटीला लावा. काचेच्या तुकड्यावर ठेवून ब्लेड दाबून कापा, लावण्याआधी स्पिरिटने पुसून प्रायमर मारा. उघडं पितळ आपल्या हवेत काळवंडतं आणि रंग सोडतं.

डोलकाठीच्या दोऱ्यांसाठी उरलेली फ्रेम कामाला येते. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर फिरवा, मऊ झाला की बाहेर घेऊन दोन्ही हातांनी ओढा. केसाहून बारीक तार निघते. सिमेंट आणि थिनर त्या वेळी दुसऱ्या खोलीत. शिवणाचा दोरा वापरू नका, त्याचे तंतू उभे राहतात आणि पावसात तो सैल पडतो.

९. गंज आणि पाणी

इथे किनाऱ्यावरच्या माणसाला शहरातल्यापेक्षा फायदा आहे. मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरात जा आणि ट्रॉलर नीट बघा: नांगराच्या भोकाखाली गंजाचा ओघळ कसा सरळ खाली येतो, पाणी बाहेर पडायच्या भोकाखाली कसा डाग पडतो, पाण्याच्या रेषेला शेवाळाची हिरवी झाक कुठपर्यंत चढते. मॉडेलवर ओघळ तिथूनच निघाले पाहिजेत. मात्र ट्रॉलरइतका गंज युद्धनौकेवर घालू नका. तिथे रंगवायला शेकडो हात असतात. पातळ तपकिरी ऑइल कलरचा ठिपका ठेवून ओल्या ब्रशने खाली ओढा आणि थांबा. खऱ्या युद्धनौका गेटवे ते मांडवा लाँचमधून बऱ्याच जवळून दिसतात. डोळ्यांनी बघा, गोदीचे फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

समुद्रासाठी जलरंगाचा जाड खरबरीत कागद घ्या, फळीवर फेविकॉलने चिकटवा, ॲक्रिलिकने रंगवा आणि वर ग्लॉस जेलचे दोन-तीन थर द्या. आपल्या खिडकीतला समुद्र सगळ्या बोटींखाली घालू नका. ‘बिस्मार्क’ उत्तर अटलांटिकमधली. तिला शिसासारखं करडं-हिरवं पाणी हवं, तारकर्लीचं निळं नाही. नाळेपाशी फुटणारा फेस कापसाच्या दोन-चार तंतूंचा करा.

१०. पेटी

मार्चपासून जांभ्याची लाल धूळ उडते आणि ती मॅट रंगात बसली की निघत नाही. उघडी बोट ठेवूच नका. ॲक्रिलिक शीटची किंवा काचेची पेटी करून घ्या, सांध्यांना सिलिकॉन लावा, तळाला सिलिका जेलच्या पुडीसाठी एक खण ठेवा आणि दर पावसाळ्याआधी पुडी बदला. पेटीवर थेट ऊन नको. फळी फणसाची किंवा सागाची, पूर्ण सुकलेली. पूर्ण सांगाड्याची, म्हणजे पाण्याखालच्या भागासकट बोट असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची खेळणी करणाऱ्या कारागिरांना विचारा. चरकावर ओढलेले दोन छोटे खांब बोटीखाली किटमधल्या प्लास्टिकच्या स्टँडपेक्षा कितीतरी शोभतात.

११. भारतीय बोट करायची असेल तर

हा प्रश्न सगळ्यांना असतो. आपल्या बोटींची तयार किट फार कमी, पण आडवाटेने जाता येतं. जुनी ‘आयएनएस दिल्ली’ म्हणजे मूळची ‘अकिलीस’ ही क्रूझर, जी डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झेटर’सोबत जर्मन ‘ग्राफ श्पे’विरुद्ध लढली आणि १९४८ मध्ये आपल्याकडे आली. तिची भगिनी ‘एजॅक्स’ एअरफिक्सच्या १:६०० मालिकेत आहे. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९७२ मध्ये दाखल झालेली ‘निलगिरी’ ब्रिटिश ‘लिअँडर’ फ्रिगेटच्या आराखड्यावरची. ‘लिअँडर’ही त्याच मालिकेत. दोन्ही जुनी किट, जुन्या साठ्यात शोधावी लागतात.

‘दिल्ली’ करताना मागच्या दोन तोफमनोऱ्यांपैकी वरचा बसवू नका. १९४३ मध्ये बॉम्ब लागल्यावर तो काढला गेला आणि आपल्याकडे ती तीनच मनोरे घेऊन आली. डोलकाठ्या आणि रडारही ‘एजॅक्स’पेक्षा वेगळे आहेत, तेव्हा १९५० च्या दशकातले तिचे फोटो समोर ठेवल्याशिवाय ब्लेड लावू नका.